वर्गवर्तनाच्या साहित्यसंचात काय घ्यावे, काय टाळावे

जून जवळ आला की सोलापूरच्या नवी पेठेतल्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत शिक्षकांची वर्दळ वाढते, आणि अलीकडे तिथे नकाशे व पाढ्यांच्या तक्त्यांशेजारी वर्गातील वर्तन सांभाळण्यासाठीचा तयार संचही मांडलेला दिसतो. आमच्या शाळेने असाच एक संच पाचवीच्या वर्गासाठी घेतला आणि तो माझ्या वर्गात गेले शैक्षणिक वर्षभर वापरला गेला. संचात विद्यार्थ्यांची नावे लावण्याचा हिरव्या, पिवळ्या आणि लाल कप्प्यांचा वर्तन-तक्ता, चांदण्यांच्या स्टिकरची पाने, चेहऱ्यांची चित्रे असलेला भावना-तक्ता, वाळूचे घड्याळ, टेबलावर ठेवायची घंटी आणि पुठ्ठ्याची पत्रपेटी एवढ्या वस्तू येतात. किंमत हजाराच्या आत आहे. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण रंगसंगती सोडली तर बाजारातले असे बहुतेक संच सारखेच असतात आणि माझे म्हणणे कोण्या एका कंपनीविषयी नाही. या संचातल्या ज्या वस्तू मुलाविषयी शिक्षकाला काही सांगतात त्या पैसे देऊन घ्याव्यात अशा आहेत. ज्या वस्तू मुलाविषयी सगळ्या वर्गाला सांगतात त्या वर्गात लावूच नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आमची शाळा शहराच्या पूर्व भागात आहे. मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी यांपैकी काहीही बोलले जाते, पालकांपैकी बरेच जण यंत्रमागावर किंवा विड्या वळण्याच्या कामावर असतात, आणि खिडकी उघडी ठेवली की शेजारच्या कारखान्यातला मागांचा खडखडाट दिवसभर ऐकू येतो. वर्गाच्या पटावर पंचेचाळीसच्या आसपास मुले आहेत; शाळेत पूर्णवेळ समुपदेशक नाही. संचाच्या वेष्टनावर छापलेला वर्ग मात्र वीसेक मुलांचा, गालिचा अंथरलेला आणि एकभाषिक आहे. ही तफावत लक्षात ठेवूनच प्रत्येक वस्तू तपासावी लागते.

वर्तन-तक्ता हा संचाचा मुख्य भाग म्हणून विकला जातो, त्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिते. वस्तू म्हणून तो चांगला आहे. जाड कागद, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, नावांच्या पट्ट्यांना वेल्क्रो; एप्रिलच्या उन्हात खिडकीजवळ टांगूनही त्याचा रंग उडाला नाही. सकाळी सर्वांची नावे हिरव्या कप्प्यात असतात, नियम मोडला की नाव पिवळ्यात जाते, पुन्हा मोडला की लाल कप्प्यात. सोबतच्या पत्रकात लाल कप्प्याला पात्र ठरणाऱ्या गोष्टींची यादीही दिली आहे : उशिरा येणे, शेजाऱ्याशी बोलणे, लक्ष न देणे, गृहपाठ न आणणे. पहिल्या आठवड्यात वर्ग खरोखरच शांत झाला आणि शेजारच्या वर्गातील बाईंनीही चौकशी केली, हे नमूद केले पाहिजे.

त्यानंतर जे दिसू लागले ते या यादीच्या मुळाशी असलेल्या चुकीचे फळ होते. लाल कप्प्यात जाणारी नावे तीच ती होती. त्यातल्या एका मुलाचे नाव उशिरा येण्यामुळे जाई, पण रोज नव्हे. काही दिवसांच्या अंतराने. कारण विचारले तेव्हा तो सहजपणे म्हणाला, "बाई, आज पाणी आलं होतं की ओ." सोलापूरकराला याहून अधिक सांगावे लागत नाही. शहराला पाणी काही दिवसांआड येते, आपल्या भागात ते सकाळी आले तर घरातल्या प्रत्येकाला हंडे, बादल्या आणि पिंप भरण्यासाठी थांबावे लागते, आणि आई-वडील पाळीवर गेलेले असतील तर ती जबाबदारी दहा वर्षांच्या मुलावर येते. हे मूल घरची जबाबदारी पार पाडून, दप्तर घेऊन, धावत शाळेत येत होते, आणि तक्ता त्याचे नाव दिवसभर लाल रंगात ठेवायला सांगत होता. त्याच्या भागातला पाण्याचा दिवस वहीत लिहून ठेवला आणि त्या दिवशी पहिल्या तासाला त्याने मागच्या दाराने येऊन थेट बसावे असे ठरवले, एवढ्याने प्रश्न संपला. तक्त्यात अशा नोंदीला जागाच नाही. त्यात फक्त रंग आहे.

"शेजाऱ्याशी बोलणे" हा गुन्हाही असाच फसवा निघाला, त्याविषयी पुढे पत्रपेटीच्या संदर्भात लिहिते. "लक्ष न देणे" याबाबत मात्र सर्व शिक्षकांनी सावध असावे असे मला मनापासून वाटते. अपस्माराच्या एका प्रकारात मूल झटके येऊन खाली पडत नाही. काही सेकंद एकटक पाहत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि भानावर आल्यावर मध्ये काय झाले ते त्याला ठाऊक नसते. दिवसातून अनेकदा असे घडू शकते आणि ते नेमके प्राथमिक शाळेच्या वयात सुरू होते. कानात मळ साचल्याने किंवा संसर्गामुळे कमी ऐकू येणारे मूलही "लक्ष नसलेले" दिसते, आणि सकाळी काही न खाता आलेले मूल मधल्या सुट्टीतील खिचडीपर्यंत तसेच दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत तपासणीसाठी येते तेव्हा अशा मुलांची नावे आधीच काढून ठेवली तर त्या भेटीचा खरा उपयोग होतो. लाल कप्पा या मुलांचे काहीच भले करत नाही.

कायद्याचाही विचार करावा लागतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. छडी वर्गातून गेली, ते फार चांगले झाले. पण एखाद्या मुलाचे नाव पंचेचाळीस जणांसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांसमोर, आठवड्यामागून आठवडे लाल रंगात टांगून ठेवणे हे त्या कलमाच्या हेतूशी जुळते, असे मला कोणत्याही अर्थाने म्हणता येत नाही. मधल्या सुट्टीत मुले एकमेकांना "लाल्या" म्हणून हाक मारू लागली तेव्हा तक्ता भिंतीवरून उतरवला, आणि मुख्याध्यापकांनीही त्यास संमती दिली.

चांदण्यांच्या स्टिकरविषयी शिक्षकांत मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. लहानशा शाबासकीने मुलांचे चेहरे उजळतात हे खरेच आहे. तरीही १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवा. मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना "चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल" असे आधी सांगितले, काहींना न सांगता नंतर दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत, आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रांकडे वळली. आमच्या वर्गातही फळा पुसण्याची, जमिनीवरचे कागद उचलण्याची कामे जी मुले आपणहून करत होती ती "बाई, चांदणी?" असे विचारू लागली. स्टिकर वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. ते वहीत, न सांगता, नेमक्या कामाच्या बाजूला लावावेत. संचात ज्याप्रमाणे सुचवले आहे, म्हणजे अमुक चांदण्या झाल्या की तमुक बक्षीस, त्या पद्धतीने लावू नयेत.

याच ठिकाणी आणखी एका अभ्यासाचा उल्लेख केला पाहिजे, कारण या संचाची सारी रचना त्याच्या उलट दिशेने केलेली आहे. जेकब कौनिन या संशोधकाने वर्गांचे चित्रीकरण बारकाईने तपासून १९७० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. बेशिस्त घडून गेल्यावर शिक्षक काय करतात याचा वर्गाच्या शिस्तीशी फारसा संबंध त्याला आढळला नाही. फरक पडत होता तो आधीच्या गोष्टींनी : शिक्षकाची नजर सर्व वर्गावर आहे हे मुलांना जाणवणे, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वेळ न मोडणे, आणि एका मुलाला प्रश्न विचारताना बाकीच्यांनाही कामात गुंतवून ठेवणे. वर्तन-तक्ता लावण्यासाठी शिक्षकाला धडा थांबवून, वर्गाकडे पाठ फिरवून, भिंतीपर्यंत जाऊन एक पट्टी काढून दुसरीकडे चिकटवावी लागते. तेवढ्या वेळात मागच्या बाकावर काय होते ते कोणत्याही शिक्षकाला सांगण्याची गरज नाही.

आता ज्या वस्तूसाठी मी हा संच घेण्याचा विचार करा असे सांगेन ती म्हणजे भावना-तक्ता. छपाईत त्याचे दोष आहेत. चेहरे परदेशी मुलांचे आहेत, एकाच्या डोक्यावर लोकरीची टोपी आहे, आणि मजकूर इंग्रजी व हिंदीत आहे. आम्ही चेहऱ्यांवर वर्गातल्याच मुलांनी काढलेली चित्रे चिकटवली आणि खाली मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दूतील शब्दांच्या पट्ट्या मुलांकडूनच लिहून घेतल्या. त्या कामातच मुले इतकी रमली की तो तास वाया गेला असे मुळीच वाटले नाही.

तक्त्याबरोबर नावांचे चिमटे येतात आणि मुलाने सकाळी आल्यावर आपला चिमटा एखाद्या चेहऱ्याला लावावा अशी अपेक्षा असते. इथेही नाव सर्वांना दिसतेच. म्हणून आम्ही नावांऐवजी प्रत्येकाला हजेरीपटाशी संबंध नसलेला आकडा दिला, जो फक्त त्या मुलाला व मला माहीत असतो, आणि चिमटा लावणे ऐच्छिक ठेवले. ज्यांना लावायचा नसेल त्यांचे चिमटे डब्यातच राहतात. असा बदल केल्यावर ही वस्तू फार मोलाची ठरते, कारण शिक्षकाला पहिल्या पाच मिनिटांतच कळते की आज कोणाशी आवाज चढवून बोलायचे नाही.

एका मुलीचा चिमटा दर सोमवारी "थकलेली" या चेहऱ्यावर असे. ही मुलगी सोमवारी चिडचिड करी, गणिताच्या तासाला डोके बाकावर टेकवी आणि कोणी हलवले की अंगावर धावून जाई. वर्तन-तक्ता भिंतीवर असता तर तिची जागा ठरलेलीच होती. तिच्या आईला शाळेत बोलावून बोलले, तेव्हा कळले की रविवारी घरात दोघी मिळून विड्यांचे काम उरकतात. भिजवलेली पाने कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, सुताने बांधायची, आणि सोमवारी सकाळी माल कारखान्यात द्यायचा म्हणून रात्री उशिरापर्यंत बसायचे. आईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते; तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुलीने तंबाखूत हात घालू नये आणि नऊच्या आत झोपावे, एवढ्या दोन मागण्या मी आईकडे केल्या, आणि सोमवारचा गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर घेतला. आईने ऐकले, नेहमी नाही तरी पुष्कळदा. सोमवारच्या मारामाऱ्या कमी झाल्या. भावनेला शब्द दिल्याने ती सौम्य होते याला संशोधनाचाही आधार आहे : मॅथ्यू लिबरमन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रौढांवर केलेल्या अभ्यासात, चित्रातील चेहऱ्यावरच्या भावनेचे नाव घेतल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी संबंधित भागाची प्रतिक्रिया कमी झालेली आढळली. मुलांच्या बाबतीत मला त्याहून अधिक महत्त्वाचे वाटते ते असे की "मला राग आलाय" हे सांगता येणाऱ्या मुलाला तो हाताने दाखवावा लागत नाही.

पत्रपेटी ही संचातली सर्वांत हलकी वस्तू आहे आणि तिलाच सर्वाधिक मजबूत असायला हवे होते. पातळ पुठ्ठा, वरची फट इतकी रुंद की लहान मुलाचा हात सहज आत जातो, आणि कुलपाऐवजी चिकटपट्टी. मुलाने मनातले लिहून टाकावे अशी पेटी उघडीच असेल तर दोन दिवसांत चिठ्ठ्या वर्गभर फिरतात. आम्ही तिच्याऐवजी पत्र्याची पेटी करून घेतली. शाळेत तक्रारपेटी असावी असे राज्य शासनाने २०१७ मध्येच सांगितले होते, आणि बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा बजावले. मात्र ती पेटी बहुधा कार्यालयाच्या दाराशी असते, जिथे चिठ्ठी टाकणारे मूल सर्वांना दिसते. वर्गातील पेटी वेगळी असते. तिच्यात तक्रारीपेक्षा साधे सांगणे अधिक येते.

शेजारणीशी सतत बोलणाऱ्या मुलीची गोष्ट तिथेच उलगडली. चिठ्ठीत तिने लिहिले होते, "मला फळ्यावरचं दिसत नाही, मी उंच आहे म्हणून मागे बसवता, म्हणून मी तिला विचारते." ती तास बुडवत नव्हती, तास समजून घेण्याचा प्रयत्न करत होती. तिला पुढे भिंतीच्या कडेला बसवले, म्हणजे मागच्यांना अडथळा होणार नाही, आणि डोळे तपासून चष्मा मिळेपर्यंत फळ्यावरचा मजकूर कागदावर लिहून दिला. असे काही या पेटीखेरीज इतक्या लवकर कळले असते असे मला वाटत नाही.

पेटी वापरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने पहिल्या दिवशीच मुलांना एक गोष्ट सांगून ठेवावी, आणि संचाच्या पत्रकात तिचा उल्लेखही नाही हा त्याचा गंभीर दोष आहे. चिठ्ठीतले बाई कोणाला सांगणार नाहीत, असे वचन देऊ नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले तर पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. म्हणून मुलांना असे सांगावे : "तुमची चिठ्ठी मी वर्गात वाचणार नाही, कोणाला दाखवणार नाही, पण कोणी तुम्हाला इजा करत असेल तर तुम्हाला वाचवण्यासाठी मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुम्हाला सांगेन." पाचवीच्या मुलांना हे नीट समजते. त्यानंतर चिठ्ठ्या कमी होतील अशी भीती बाळगू नये. आमच्या वर्गात तसे झाले नाही. पेटीच्या झाकणावर आम्ही १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक आणि १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला आहे. दोन्ही सेवा विनामूल्य आणि चोवीस तास आहेत. टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, तिथे मराठीत बोलता येते, आणि मुलाच्या काळजीने स्वतःच बेचैन झालेल्या शिक्षकानेही तिथे फोन करण्यात काही गैर नाही. शाळेत समुपदेशक नसताना रात्री दहा वाजता तो विचार कोणाशी बोलावा, हा प्रश्न आमच्यापैकी पुष्कळांचा आहे.

वाळूचे घड्याळ चांगले आहे. पाच मिनिटांचे आहे, प्लास्टिकचे असल्याने पडले तरी फुटत नाही, आणि भांडण झाल्यावर दोन्ही मुलांना बोलण्याआधी ते उलटे करून समोर ठेवले की वाळू पाहता पाहता श्वास खाली बसतो. ते शिक्षा म्हणून कोपऱ्यात बसवण्यासाठी वापरू नये, एवढेच. पावसाळ्यात वाळू मध्येच अडते. टिचकी मारली की सुटते. घंटीचा आमच्या शाळेत उपयोग नाही, कारण मागांच्या आवाजात ती शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. शिक्षकाने हात वर करून थांबणे आणि ते पाहणाऱ्या मुलाने आपला हात वर करणे ही जुनी रीत तिच्यापेक्षा कितीतरी बरी चालते.

खरेदीबाबत : पूर्ण संच घेऊ नये. जूनच्या गर्दीआधी मे महिन्यातच विचारले तर बहुतेक दुकानदार वस्तू सुट्या देतात, आणि एकाने न दिल्यास शेजारच्याकडे मिळतात. वर्तन-तक्ता आधीच घेतलेला असेल तर टाकून देण्याची गरज नाही, नावांच्या पट्ट्या काढून तीन कप्प्यांत आजची कामे, चालू काम आणि पूर्ण झालेले काम लिहिले की तो वेळापत्रक म्हणून उत्तम चालतो, आणि कामाचा क्रम डोळ्यांसमोर असल्याने "बाई, आता काय करायचं?" हा गोंधळही कमी होतो. भावना-तक्ता निवडताना चेहरे मोजकेच, सहा ते आठ, असलेला निवडावा. वीस-पंचवीस चेहऱ्यांचा तक्ता दिसायला आकर्षक असतो, पण सकाळच्या घाईत मूल त्यापुढे गोंधळून उभे राहते. सुटा भावना-तक्ता आणि वाळूचे घड्याळ यांचा खर्च निम्म्याहून कमी होतो. उरलेल्या पैशांत पत्र्याची पेटी, एक चांगले कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या होतात, त्यातली एक मुख्याध्यापकांकडे ठेवावी.